माड जाडा होत नाही

१४ जून १९८३, मंगळवार. संध्याकाळ.

आजपासून रोजनिशी. मी बोलायचं आणि द्वारकाने लिहायचं, कारण मला अक्षर येत नाही, आणि या वयात शिकून मी कुणाला प्रेमपत्र पाठवणार आहे? द्वारका आमच्या पुढच्या खोलीतली भाडेकरू. कराडची. इथे मुलींच्या शाळेत सायन्स शिकवते. मे महिन्याची सुट्टी संपवून परवा परत आली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की महिनाभर मी फक्त कोंबड्यांशी बोलत होते. कोंबड्या ऐकून घेतात, पण लिहून घेत नाहीत.

ही वही कुणी वाचायची नाही. मला तर वाचताच येत नाही, म्हणजे गुपित एकदम पक्कं. मी बोलते आमच्या वसईतल्या गिरीज गावची बोली, ती लिहिते शाळेतली भाषा. लिहू दे. मध्येच मी 'हे लिहू नको' म्हटलं की मान डोलावते. आज्ञाधारक पोर आहे. फक्त चहात साखर फार घालते, हे लिहू नको.

रोजनिशी कशासाठी? पैजेसाठी. दोन वर्षांपूर्वी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सिमेट्रीत माझ्या नवऱ्याच्या, ॲन्सेल्मच्या थडग्यावर मेणबत्त्या लावून आम्ही घरी आलो. जेवता जेवता जेम्स म्हणाला, आय, आता एकटी राहू नकोस, आमच्याकडे चल. जेम्स माझा एकुलता. मुंबईला ऑफिसात आहे. विरारला मनवेलपाड्यात ब्लॉक घेतलाय. दोन खोल्या, पंखा, नळ थेट मोरीत. मी त्याला हाताला धरून विहिरीजवळच्या माडाकडे नेलं. हा माड ॲन्सेल्मने आमच्या लग्नाच्या वर्षी लावलेला. मी माडाला मिठी मारली आणि पलीकडे उजव्या हाताने माझं डावं मनगट धरून दाखवलं. म्हटलं, ज्या दिवशी हे मनगट हाताला लागणार नाही, त्या दिवशी मी ट्रंक घेऊन येते. तोपर्यंत हा विषय काढायचा नाही. जेम्स जरा वेळ माडाकडे बघत राहिला, मग हसला. बरं म्हणाला. दर वर्षी त्याच दिवशी टेस्ट.

आता गंमत ऐक. माड जाडा होत नाही. फणस होतो, आंबा होतो, माझी विहीण क्लेमेंटीन होते. माड नुसता वर वर जातो. जेम्स ऑफिसात बसून हे विसरला असणार. त्याला वाटलं, दोन-चार वर्षांत झाड फुगेल, म्हातारी हरेल. पोरगा शिकला, पण भोळा राहिला. बापावर गेलाय.

गेल्या वर्षी टेस्ट पास. मनगट जरा निसटतं लागलं होतं, हे लिहू नको.

निश्चय: खांद्याला रोज तेल, रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर प्रॅक्टिस, आणि दोन नोव्हेंबरला जेम्सचं तोंड बघण्यासारखं करणे.

१९ जून, रविवार.

प्रॅक्टिस केली. मनगट लागलं नाही, तळहात लागला. कारण स्वच्छ आहे: चर्चला नेसायचं लुगडं. नवं, खळीचं, पुठ्ठ्यासारखं. सगळी जागा तेच खातं. पुढच्या रविवारी जुनं नेसून.

२१ जून, मंगळवार.

द्वारकाला विचारलं, माझी पैज कशी वाटली? वाटलं होतं हसेल. तिने सायन्स काढलं. म्हणाली, आजी, तुम्हाला दाखवते. आणि मला माझ्याच दारातल्या फणसाकडे घेऊन गेली, जसा काही तो कराडहून आणलाय.

म्हणाली, झाडाची उंची वाढते ती शेंड्याला. जाडी वाढते ती सालीच्या आत. तिथे एक ओला थर असतो, कागदाइतका पातळ. त्याला कँबियम म्हणतात. तो थर आतल्या बाजूला लाकूड करत जातो आणि बाहेरच्या बाजूला साल. लाकूड साठत जातं, थर बाहेर बाहेर सरकतो, झाड जाडं होतं. मी म्हटलं, म्हणजे सुनेसारखं, स्वतः पातळच, पण घर भरत जातं. ती म्हणाली, साधारण तसंच. मी म्हटलं, झाड कापल्यावर आत गोल गोल दिसतात ते? ती म्हणाली, तेच ते, दर वर्षाचा एक, सागात बघा, छान दिसतात. फणसात एवढे नीट नाही दिसत. जे नीट माहीत नाही तेही सांगते, हे मला तिचं आवडतं.

मुळांचंही तसंच म्हणे. ओट्याची कोपऱ्यातली फरशी गेली चार वर्षं वर येतेय. मी गवंड्याला शिव्या घालत होते. तो बिचारा कधीच वारला. फरशी फणसाचं मूळ उचलतंय. खाली अंधारात बसून जाडं होतंय, कुणाला न विचारता.

मग तार. ॲन्सेल्मने कपडे वाळत घालायची तार त्या फणसाला गुंडाळली होती, वर एक खिळा ठोकून. जेम्स तेव्हा रांगत होता. आता ना तार दिसते ना खिळा. मला वाटायचं, झाडाबरोबर खिळा वर गेला असेल, पानांत कुठे तरी असेल. द्वारका म्हणाली, नाही हो, खिळा ठोकला तिथेच असतो. झाड जाडं होत होत त्याच्यावरून पुढे येतं आणि त्याला आत घेतं. तिने सालीवरची एक आडवी वळी दाखवली, मिटलेल्या ओठांसारखी. मी त्यावर हात ठेवला. बरोबर ॲन्सेल्मच्या खांद्याएवढी उंची.

मग थोडा वेळ तिथेच उभी राहिले. डास फार होते.

आणि माड? माडात तो ओला थरच नाही म्हणाली. माड आधी जमिनीशी बसून आपली रुंदी पक्की करतो, मग उभा वाढतो. एकदा ठरली ती ठरली. त्याची मुळंसुद्धा दोऱ्यांसारखी, शेकड्यांनी असतील, पण एकही जाड होत नाही. मी म्हटलं, हे मला माहीत होतं. ती म्हणाली, मग पैज तुम्ही जिंकल्यातच जमा आहे. मी म्हटलं, तेच तर.

२६ जून, रविवार.

जुनं लुगडं नेसून. तळहात नाही. बोटं बोटांना लागली. कारण: खोडावर शेवाळं. माणसाने मिठी मारायची की घसरायचं?

३ जुलै, रविवार.

आज बोटंही कशीबशी. पण आज खरं कारण सापडलं. पावसाने खोड फुगलंय. माझ्या मागच्या दाराची फळी दर पावसाळ्यात फुगते, लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. लाकूड ते लाकूड. द्वारका म्हणाली, दाराची फळी मेलेली असते आजी, माड जिवंत आहे, असा हातभर फुगत नाही. मी म्हटलं, तुमच्या कराडकडे पाऊस तो किती. ती खोलीत गेली आणि लाल दोरा घेऊन आली. माझ्या छातीएवढ्या उंचीवर तो माडाभोवती बरोबर बसेल असा बांधला. तसाच दुसरा स्वयंपाकघरामागच्या कोवळ्या शेवग्याला. म्हणाली, दिवाळीपर्यंत बघू कोण फुगतं. मी म्हटलं, बांध, आणि नवसही बोल, नवरा मिळेल.

रागावली नाही. एकतीस वर्षांची आहे. हिला कुणी कसं अजून नेलं नाही? नेऊ नये सध्या, हे लिहू नको.

१० जुलै, रविवार.

पाऊस फार. प्रॅक्टिस रद्द.

(आभाळ स्वच्छ होतं, हे लिहू नको.)

१९ जुलै, मंगळवार.

शेजारच्या वाडीतला कॉन्रॅड रोज विरारच्या बाजारात भाजी आणि केळीची पानं घेऊन जातो. मनवेलपाडा वाटेवर नाही, पण माझ्यासाठी वाकडी वाट करतो, कारण मी त्याला अंडी देते. आज निरोप घेऊन आला: जेम्सला रविवारी जमणार नाही, ऑफिसचं काम. मागच्या रविवारीही हाच निरोप होता. मी कॉन्रॅडला म्हटलं, नवा निरोप सांगायला तुला काय होतं? तो म्हणाला, काकी, मी भाजी ताजी आणतो, निरोप असेल तसा आणतो.

बरंच झालं. मला कुठे वेळ आहे. सकाळी दोन कप चहा केला, जुनी सवय. द्वारका शाळेत गेली होती. दोन्ही मीच प्यायले. चहा वाया घालवू नये.

३१ जुलै, रविवार.

बोटं लागली नाहीत. मध्ये एक वीतभर माड.

७ ऑगस्ट, रविवार.

हल्ली अंबाडा घालायला हात मागे पोचत नाही. म्हणून मी अंबाडा कानाच्या बाजूला घालते. द्वारका म्हणाली, आजी, हे काय? मी म्हटलं, फॅशन. तिने मला पाटावर बसवलं, केस सोडले, तेल घातलं आणि मागे नीट अंबाडा घालून दिला. आता रोज शाळेत जायच्या आधी घालते. मी रोज म्हणते, नको ग, उशीर होईल. आणि पाटावर जाऊन बसते.

तिला वाटतं माझा खांदा आखडलाय. माडाचं माप आणि अंबाड्याचा काय संबंध? सायन्सवाल्यांना सगळीकडे संबंध दिसतो.

१५ ऑगस्ट, सोमवार.

मरियामातेचा सण आणि झेंड्याचा दिवस, दोन्ही एकदम. जेम्सला सुट्टी. कोंबडीचं सुकं केलं, वडे तळले, तीन माणसांचे. जेम्स आला नाही. कॉन्रॅडकडे निरोप: रिटाची, म्हणजे माझ्या सुनेची, आई वटार गावाहून आलीय, तिचे गुडघे फार सुजलेत, तिला डॉक्टरकडे न्यायचंय.

म्हणजे क्लेमेंटीन. माझी विहीण. तिचे गुडघे सुजणारच. द्वारकाने त्या दिवशी सांगितलेली ती दुसरी वाढ, जाडीची वाढ, ती क्लेमेंटीनला लग्नानंतर लगेच सुरू झाली आणि अजून थांबलेली नाही. तिला आत कापलं तर सागापेक्षा छान गोल दिसतील. हे लिहू नको. नाही, लिही.

द्वारकाने चार वडे खाल्ले. उरलेले कॉन्रॅडला दिले. तो म्हणाला, काकी, जेम्स रोज न येवो. मेल्याला वाटलं मी हसेन. हसले.

२३ ऑगस्ट, मंगळवार.

द्वारकाने जबरदस्तीने वसईला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर कोवळा. म्हणाला, हात वर करा. केला. म्हणाला, आणखी वर. मी म्हटलं, मी काय शाळेत आहे? म्हणाला, खांदा जाम झालाय आजी, दोन्ही. वयाने होतं. हळूहळू व्यायाम करा, पण पूर्वीसारखा होईलच असं नाही. मी त्याला पैजेचं सांगितलं. तो म्हणाला, कोणत्या झाडाला मिठी मारता? मी म्हटलं, माडाला. तो म्हणाला, मारत राहा, चांगला व्यायाम आहे.

फी घेऊन हेच सांगायचं तर मीही डॉक्टर आहे. निदान चुकलंय. वाकल्यामुळे माझी उंची कमी झालीय, म्हणून मिठी माडाच्या खालच्या, बुंध्याकडच्या भागाला पडते. बुंधा जाडा असतोच. म्हणजे खांद्याचा दोष नाही, जागेचा आहे. हे त्याला कळायला तो वाडीत वाढायला हवा होता.

निश्चय: वरच्या भागाला मिठी मारायची.

४ सप्टेंबर, रविवार.

उखळ उपडं घातलं. त्यावर चढले. माडाला मिठी मारली. तेवढ्यात कॉन्रॅड कुंपणाजवळ. म्हणाला, काकी, माडी काढायला सुरुवात केली की काय? मी म्हटलं, तुझ्या बापाच्या माडाची नाही काढत. तो म्हणाला, खाली उतरा, पडलात तर जेम्स मला विचारेल. मी म्हटलं, जेम्स तुला विचारायला इथे येईल तर मी आत्ता पडते.

हे मी का म्हटलं? कॉन्रॅड एकदम गप्प झाला. आत आला, हात देऊन उतरवलं, उखळ नीट ठेवून दिलं. कॉन्रॅड गप्प बसला की घाबरायला होतं.

वरही बोटं लागली नाहीत. दोन वीत. वरचा भागही जाडा झालाय तर.

१८ सप्टेंबर, रविवार.

आज नीट विचार केला. जूनमध्ये तळहात लागत होता. आता दोन वीत अंतर. मी तीच. लुगडं जुनंच. पाऊस ओसरला. शेवाळं काथ्याने घासून काढलं. म्हणजे एकच गोष्ट उरते. माड जाडा झाला.

द्वारका म्हणाली, आजी, माड जाडा होत नाही, तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलंत. मी म्हटलं, पहिल्या दिवशी मला पुरतं माहीत नव्हतं. सगळे माड होत नसतील, हा झाला. ॲन्सेल्मने लावलेला आहे, तो माणूसही कुठलीच गोष्ट नियमाने करत नव्हता.

२ ऑक्टोबर, रविवार.

दोरे. संध्याकाळी द्वारका मला घेऊन गेली. शेवग्याचा दोरा तुटून खाली लोंबत होता. शेवगा फुगलाय, माझ्या मनगटाएवढा होता तो आता दंडाएवढा. मग माड. तिने लाल दोऱ्याखाली बोट घालायला बघितलं. दोरा जूनमध्ये, की जुलैमध्ये, बांधला तसाच. घट्टही नाही, सैलही नाही. पावसाने थोडा फिका झालाय, तेवढंच.

मी म्हटलं, दोरा ताणला असेल. द्वारका म्हणाली, हो, असेल.

हो, असेल म्हणाली. वाद घातला नाही. वाद घालायला हवा होता तिने. नेहमी घालते. मला वाद घालायला कोण आहे दुसरं.

आज एवढंच.

९ ऑक्टोबर, रविवार.

विचार पक्का. मी वचनाची बाई आहे. माड जाडा झाला, तर झाला. ज्या दिवशी मनगट हाताला लागणार नाही त्या दिवशी ट्रंक घेऊन येते, असं माझ्या तोंडून गेलंय, आणि तेही ॲन्सेल्मच्या मेणबत्त्या विझायच्या आधी. आता मागे फिरणं शोभत नाही. मला जायचंय असं नाही. मला कुठेही जायचं नाही. पण वचन.

कसं करायचं ते ठरवलंय. जेम्स येईल, जेवेल. मग मी त्याला माडाकडे नेईन. मिठी मारीन. बोटं लागणार नाहीत. मी म्हणेन, हरले रे. तो म्हणेल, मग चल आय. मी म्हणेन, नको रे, कोंबड्या आहेत. तो म्हणेल, चल ग. मी म्हणेन, द्वारका एकटी पडेल. तो तिसऱ्यांदा म्हणेल. तिसऱ्यांदा मी हो म्हणेन. लगेच नाही. हात पुसत पुसत.

१६ ऑक्टोबर, रविवार.

मनवेलपाड्याला गेल्यावर काय काय करायचं नाही, ते द्वारकाला सांगितलं. रिटाच्या आमटीला नावं ठेवायची नाहीत. पंख्याचा आवाज होतो म्हणायचं नाही. जेम्स कामावरून आला की लगेच बोलायला सुरुवात करायची नाही, आधी चहा पिऊ द्यायचा. क्लेमेंटीन भेटायला आली तर तिला खुर्ची द्यायची, मजबूत बघून.

माझी खाट खिडकीजवळ. आतल्या खोलीत खिडकी आहे, मी घरभरणीला बघितलीय. खाली रस्ता दिसतो. माणसं येतात-जातात. तिथे बसून कोंबड्यांशी बोलायची गरज पडणार नाही.

द्वारका म्हणाली, आजी, जेम्सदादांना आधी निरोप पाठवूया का, तुम्ही येताय म्हणून? मी म्हटलं, वेडी आहेस, मग टेस्टची मजा काय राहील?

तिने पुन्हा विचारलं. पुन्हा नको म्हटलं.

२३ ऑक्टोबर, रविवार.

ट्रंक काढली. माझ्या लग्नाची. कडी गंजली होती, खोबरेल घातलं. दोन लुगडी, शाल, जपमाळ, ॲन्सेल्मचा फोटो. जेम्सला आवडतो म्हणून भाजणीचा मसाला, बरणी भरून. वाडीचं पाणी कॉन्रॅड बघेल. त्याला विचारलं नाही अजून, पण बघेल.

प्रॅक्टिस करायला गेले नाही. आता हरायची प्रॅक्टिस काय करायची? तरी विहिरीवर जाताना माडाला हात लावला. म्हटलं, तू माझं काम केलंस.

३० ऑक्टोबर, रविवार.

कॉन्रॅडला सांगितलं. तो म्हणाला, काकी, नक्की ना? जेम्सने सांगितलं का? मी म्हटलं, जेम्सने दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय. कॉन्रॅड काही तरी बोलणार होता. मग म्हणाला, कोंबड्या कधी नेऊ?

विरारला रोज जातो, मनवेलपाड्याला वाकडी वाट करतो, आणि मला म्हणतो, नक्की ना. हा पण भोळाच.

१ नोव्हेंबर, मंगळवार.

सर्व संतांचा सण. मिस्साला गेले. कोंबड्या कॉन्रॅडच्या खुराड्यात पोचल्या. अंगणात एकदम शांत. द्वारकाची सुट्टी लागली. ती आजच जाणार होती, पण म्हणाली, परवा पहाटे जाते, उद्या तुम्हाला बघून. मी म्हटलं, उद्या मला बघायला तुला मनवेलपाड्याला यावं लागेल. तिने ट्रंकेकडे बघितलं. ट्रंक दाराआड ठेवलीय. एकदम दिसू नये. तिसऱ्यांदा हो म्हटल्यावर काढायची.

अंबाडा उद्या जरा घट्ट घाल म्हटलं. टिकायला हवा.

२ नोव्हेंबर १९८३, बुधवार. संध्याकाळ.

जेम्स आणि रिटा अकराला आले. सिमेट्रीत ॲन्सेल्मवर झेंडू वाहिले, मेणबत्त्या लावल्या. वाऱ्याने दोनदा विझल्या, जेम्सने दोनदा पेटवल्या. घरी आलो. जेवले. जेम्सने मसाल्याला छान म्हटलं. वड्यांना छान म्हटलं. मग घड्याळ बघितलं.

मी म्हटलं, टेस्ट?

तो म्हणाला, आय, असू दे ग, दरवर्षी काय.

मी म्हटलं, चल. हाताला धरून नेलं. द्वारका आणि रिटा मागे. मिठी मारली. डोळे मिटून जोर लावला, खोटं वाटू नये म्हणून. खोटं करावं लागलंच नाही. दोन वीतभर अंतर राहिलं. मी म्हटलं, बघ. हरले. माड जाडा झाला.

जेम्स हसला. म्हणाला, आय, माड कधी जाडा होतो का?

मी पदराला हात पुसले. तो म्हणाला, मी गिरीजचा आहे आय. बाबांनी मला याच माडाखाली उभं करून सांगितलं होतं, माड वर जातो, जाडा होत नाही, म्हणून त्याला दोरी बांधली तरी चालते, फणसाला बांधू नये. त्या दिवशी तू पैज लावलीस, तेव्हाच मला कळलं. तुला यायचं नाही, आणि मला तोंडावर नाही म्हणायचं नाही. मी घरी जाऊन रिटाला सांगितलं, आय कधीच येणार नाही, तिने किती गोड करून सांगितलं बघ.

रिटा म्हणाली, म्हणून तर मागच्या महिन्यात आम्ही माझ्या आईला कायमचीच आणली. वटारला विहिरीचं पाणी ओढवत नव्हतं तिला. आतली खोली दिलीय. खिडकीजवळ खाट टाकलीय, दिवसभर रस्ता बघत बसते, खूश आहे. तुमची मजा आहे आई, मोकळी हवा, वाडी, पाणी.

मी म्हटलं, हो तर.

कॉन्रॅडला माहीत होतं. म्हणून तो नक्की ना म्हणत होता.

जेम्सने माझा खांदा दाबला. म्हणाला, हा आखडलाय, डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, दाखवला, तो म्हणाला काही नाही. मग म्हटलं, मी तुझी परीक्षा घेत होते, विसरलास का ते बघायला. जिंकले ना मी? तो म्हणाला, तू नेहमीच जिंकतेस आय. साडेतीनला निघाले. भाजणीच्या मसाल्याची बरणी ट्रंकेत होती, ती काढून दिली. ट्रंक दाराआडच होती, जेम्सला दिसली नाही. बरं झालं, नाहीतर त्याला वाटलं असतं.

संध्याकाळी कॉन्रॅडकडे गेले. म्हटलं, कोंबड्या दे. त्याने स्वतः पाटीत घालून आणून सोडल्या. पांढरीने त्याच्याकडे एक अंडं घातलं होतं, तेही आणून दिलं. हे त्याने करायला नको होतं. अंडं ठेवून घेतलं असतं तर मला त्याला शिव्या देता आल्या असत्या.

मी कोंबड्या कोंडेपर्यंत द्वारकाने लुगडी परत वलणीवर टाकली होती. शाल फळीवर. ॲन्सेल्मचा फोटो भिंतीवर, थोडा तिरका लागलाय. ती उद्या पहाटे कराडला. दिवाळीची तीन आठवड्यांची सुट्टी. तिने विचारलं, आजी, राहू का? मी म्हटलं, तुझी आई वाट बघत असेल. जा.

मग तिने विचारलं, शेवटी काय लिहू?

लिही: टेस्ट पास. पैज जिंकले. माड जसा होता तसाच आहे. दोरा अजून बसतो.

लिहिलंस? आता पेन ठेव.

मला जायचं होतं ग. हे लिहू नको.